डोलणाऱ्या बाहुलीच्या गावी

नाताळच्या सुटीत तंजावरला जायचे, असे मी घरात जाहीर केले तेव्हा काही वेळ कोणी काही बोलले नाही. सौ.च्या मनात उटी होते. उटीला थंडी असते, बाग असते, आणि मुख्य म्हणजे शेजारच्या वहिनी तिथे जाऊन आलेल्या असतात. तंजावरला काय असते, या तिच्या प्रश्नाला मी ‘हस्तलिखिते’ असे उत्तर देऊन परिस्थिती आणखी बिघडवली. अखेर आमची कन्याच मदतीला धावली. गेली सहा वर्षे ती भरतनाट्यम् शिकते आहे. “आई, माझ्या नाचातलं निम्मं तंजावरचं आहे,” ती म्हणाली, आणि उटी मागे पडले.

प्रवासाच्या सामानात एक वस्तू मी कोणाला न दाखवता घेतली होती. माझ्या मोबाईलमध्ये एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप येऊन पडला होता. “सर, ओळखलंत का?” अशी त्याची सुरुवात होती आणि शिष्यवृत्तीच्या एका अर्जासाठी चार ओळींचे पत्र मागून शेवट केला होता. खाली नाव निराळेच होते. निरोप येऊन तीन आठवडे झाले होते, आणि मी उत्तर दिले नव्हते. नाही म्हटले नव्हते, हो म्हटले नव्हते. नुसते उत्तर दिले नव्हते. आम्हा मास्तर मंडळींना ही कला चांगली साधते.

मद्रासचे आता चेन्नई झाले असले तरी एग्मोरचे स्टेशन एग्मोरच आहे. तिथून निघालेली गाडी चिदंबरम्, मायिलाडुदुरै, कुंभकोणम् अशी कावेरीच्या खोऱ्यातून जाऊ लागली, तशी खिडकीबाहेर भातशेतीखेरीज दुसरे काही दिसेना. कुंभकोणला आम्ही पितळी पेल्यातून कॉफी घेतली. ती इतकी उत्तम होती की सौ.ने तंजावरला पहिल्यांदा माफ केले ते तिथेच. दुसरी माफी मुक्कामावर पोचल्यावर मिळाली. सांबार हा पदार्थ मराठ्यांच्या तंजावरात जन्मला आणि त्याला संभाजीराजांच्या नावावरून नाव पडले, अशी दंतकथा वाढप्याने आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर मोठ्या अगत्याने सांगितली. इतिहासाच्या कसोटीला ती उतरो न उतरो, वाटी मात्र दोनदा भरली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बृहदीश्वराच्या देवळात गेलो. राजराज चोळाने हे देऊळ बांधून १०१० साली पुरे केले. त्याचे वर्णन करण्याच्या भरीस मी पडत नाही. मान मागे टाकून शिखर पाहावे आणि मान दुखेपर्यंत गप्प राहावे. मला दाखवायच्या होत्या त्या भिंती. प्राकाराच्या एका भिंतीवर भर तमिळ मुलखात आपली मराठी कोरलेली आहे. दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास तिथे दगडावर लिहवून घेतला. ती अक्षरे ओळखताना मला जे भरून आले ते पाहून कन्येने माझे छायाचित्र काढले, अक्षरांचे नाही.

पण त्या दिवशी मनात घर करून राहिली ती दुसरी भिंत. तिथली लिपी मला वाचता येत नाही. हुल्त्श नावाच्या जर्मन पंडिताने केलेले तिचे भाषांतर मी आधी वाचून गेलो होतो. राजराजाने निरनिराळ्या देवळांतून चारशे नर्तकी तंजावरला आणवल्या आणि देवळाभोवतीच्या गल्ल्यांत वसवल्या. त्या प्रत्येकीचे नाव, ती कोणत्या गावच्या देवळातून आली ते, तिला मिळालेले घर कोणत्या रांगेत कितवे ते, आणि वर्षाला तिला मिळायचे १०० कलम भात, असे सारे दगडावर कोरलेले आहे. एखादी वारली किंवा गाव सोडून गेली तर तिचा वाटा जवळच्या नातलगाला. तो त्या कामाला लायक नसेल तर दुसरी योग्य व्यक्ती निवडावी, हेही लिहून ठेवले आहे. नृत्य शिकवणाऱ्या नट्टुवनारांचे वाटे निराळे दिले आहेत. त्या चारशे जणींना इथे यायचे होते का, हे कोणी विचारले होते की नाही ते शिलालेख सांगत नाही. पण एक गोष्ट तो ठणकावून सांगतो. नाच हवा असेल तर नाचणाराला छप्पर लागते, वर्षाचे धान्य लागते, आणि त्याचे नाव कुठेतरी नीट लिहिलेले असावे लागते.

“म्हणजे ही ग्रँटची यादी आहे, बाबा!” कन्या म्हणाली. यूजीसीच्या अनुदानासाठी आयुष्यात तीनदा अर्ज केलेल्या माणसाने त्या यादीला हात जोडले.

दुपारी सरस्वती महाल ग्रंथालय पाहिले. हस्तलिखितांचे मी इथे काही सांगत नाही, कारण सांगू लागलो तर संपादकांना दुसरा अंक काढावा लागेल. एवढेच सांगतो, की तंजावरच्या मराठी राजांनी मराठीत नाटके लिहिली आणि नाचासाठीही मराठी रचना केल्या. सरफोजीराजांच्या नावावर असलेला ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ हा संग्रह त्यातलाच. त्याच दरबारी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् आणि वडिवेलू हे चार भाऊ होते. अलारिप्पूपासून तिल्लान्यापर्यंत भरतनाट्यम्‌च्या मैफलीचा जो क्रम आज मुंबई-पुण्याच्या मुली पाठ करतात, तो मुख्यतः या चौघांनी बसवला. ‘तंजावरचे चौघे’ म्हणूनच नृत्याच्या जगात ते ओळखले जातात. आमच्या दादरच्या एका खोलीत दर शनिवारी सकाळी ज्या पायऱ्यांवर थाप पडते, त्या मराठी राजाच्या आश्रयाने बसलेल्या आहेत, हे कळल्यावर सौ.ने माझ्याकडे जरा आदराने पाहिले. जणू तो आश्रय मीच दिला होता.

संध्याकाळी कन्येने आपला हक्क बजावला. तिला पश्चिमेकडचा मोठा रस्ता पाहायचा होता, जिथे या चौघांच्या वंशजांचे घर आहे. तिच्या नृत्याच्या बाईंनी तिला एक गोष्ट सांगितली होती आणि ती तिला त्या रस्त्यावर उभे राहूनच आम्हाला सांगायची होती. रस्ता साधाच. दुकाने, सायकली, दुचाक्या, दारापुढे पांढऱ्या रांगोळ्या. तिथे एका पानवाल्याच्या आडोशाला उभे राहून आम्ही गोष्ट ऐकली.

याच घराण्यात के. पी. किट्टप्पा पिळ्ळै नावाचे गुरू झाले. वैजयंतीमाला त्यांच्या शिष्या. १९८० च्या दशकात त्यांच्या दाराशी मदुरेहून एक विद्यार्थी आला. शरीर मुलाचे म्हणून जन्मलेला, पण मनाने पहिल्यापासून मुलगी. या एका कारणाने लहान वयातच घर सुटलेले. पडद्यावर वैजयंतीमालेचे नाच पाहून पाय थिरकायला शिकलेले. बरोबर लहानपणापासूनची एक मैत्रीण, शक्ती, तीही तशीच. दोघींजवळ पैसा नव्हता, शिफारस नव्हती. गुरूंनी लगेच शिकवायला घेतले नाही. वर्षभर थांबवले. पण दार लावून घेतले नाही, आणि वर्ष संपल्यावर शिकवायला घेतले ते कायमचे. १९९९ साली गुरू वारले, तोवर जवळजवळ पंधरा वर्षे हे शिकणे चालले. तंजावरच्या तमिळ विद्यापीठात गुरू शिकवत, तिथे ही शिष्या त्यांच्या हाताखाली काम करी. तिला नावही गुरूंनीच दिले : नर्तकी. नर्तकी नटराज.

पुढचे सारे जगाला ठाऊक आहे. २००७ साली तमिळनाडूचा कलैमामणि किताब, २०११ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, आणि २०१९ साली पद्मश्री. पद्म पुरस्कार मिळालेल्या त्या पहिल्या पारलिंगी स्त्री. तमिळ भाषेने अशा स्त्रियांसाठी ‘तिरुनंगै’ असा शब्द रूढ केला आहे. ‘तिरु’ म्हणजे आपले ‘श्री’ आणि ‘नंगै’ म्हणजे स्त्री. आपल्याकडे सिग्नलपाशी मोटारीची काच वर करताना जो शब्द तोंडात येतो, त्याच्याशी हा शब्द ताडून पाहावा. मी मराठी शिकवतो म्हणून मला तो अधिक लागला. नुसता शब्द देऊनही ते राज्य थांबले नाही. २००८ साली तिथे पारलिंगी व्यक्तींसाठी कल्याण मंडळ निघाले, देशातले पहिले.

मला त्या गोष्टीत गुरूंचे मोठे वाटते ते निराळ्या कारणासाठी. नट्टुवनारांच्या घराण्यांनी स्वतः उपेक्षा भोगलेली होती. देवळातल्या नाचावर बोट ठेवण्याचा काळ आला तेव्हा त्या बोटाखाली नाचणाऱ्या बायका आल्या, तसे त्यांना शिकवणारेही आले. मोठ्या कष्टाने परत मिळालेली प्रतिष्ठा अशा घराला जपावीशी वाटली असती तर त्यात नवल नव्हते. “लोक काय म्हणतील” हे म्हणण्याचा अधिकार त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त होता. त्यांनी तो वापरला नाही.

मी वापरला होता.

रात्री लॉजच्या गच्चीत बसून मी घरच्यांना ते सांगून टाकले. पाच वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात पहिल्या वर्षाच्या एका मुलाने लावणी केली. नऊवारी नेसून, अंबाडा घालून. त्यात कुठे थिल्लरपणा नव्हता. अदा अशी की पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांसकट सारे सभागृह टाळ्या वाजवत उठले. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाकांवरून आवाज सुरू झाले. पुढच्या वर्षी निवड समितीपुढे तेच नाव आले तेव्हा एक सहकारी म्हणाले, “गंमत म्हणून एकदा ठीक होतं. पण हा मुलगा गंमत म्हणून करत नाही.” ते वाक्य मी विसरलो नाही, कारण ते खरे होते. तो गंमत म्हणून करत नव्हता. इतर मुलांत जी गोष्ट आढळली तर आम्ही तिला ‘साधना’ म्हणतो, तिच्यासाठीच आम्ही त्याला वगळले. समितीत पाच जण होते. चौघांनी मान डोलावली. पाचवा मी. मीही डोलावली. त्या सत्रानंतर तो महाविद्यालयात दिसला नाही. घरही सुटले, असे पुढे कानावर आले.

“बाबा,” कन्या मध्येच म्हणाली, “निरोपाखाली नाव कोणतं आहे?”

मी सांगितले.

“मग मघापासून ‘तो, तो’ काय करताय?”

वीस वर्षे मी उत्तरपत्रिकांत लिंगाच्या चुकीला अर्धा गुण कापत आलो. त्या रात्री माझा कापला गेला.

सौ. इतका वेळ गप्प होती. “तिला पत्र कशाला हवंय?” तिने विचारले. मी सांगितले. केंद्रीय संस्कृती मंत्रालयाची तरुण कलावंतांसाठी शिष्यवृत्ती असते. दरमहा ५,००० रुपये, दोन वर्षे. त्यात लोककलाही येतात. वयाची अट १८ ते २५. ही आता चोविशीत. एका वयस्क लावणी कलावंतीणीकडे राहून शिकते आहे. तिच्याच घरी जेवते. पण शाळेच्या दाखल्यावर नाव एक, आज लोक हाक मारतात ते नाव दुसरे. ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत आणि मी तिला ओळखतो, एवढे कोणीतरी लेटरहेडवर लिहून द्यायला हवे. अर्ज इंग्रजीत आहे. तोही कोणी वाचून समजावला तर हवा.

“म्हणजे चार ओळी,” सौ. म्हणाली.

“हो.”

“आणि तीन आठवडे.”

यावर मी काही बोललो नाही.

सकाळी बाजारातून बाहुली घेतली. तंजावरची डोलणारी बाहुली आपल्याकडे पुष्कळांच्या शोकेसमध्ये असते. रंगीत नर्तकीच्या रूपातली, मान, धड आणि घागरा असे वेगवेगळे जोडलेली. टिचकी मारली की मान डोलू लागते. ती हो म्हणते की नाही, हे मात्र कळत नाही, आणि तिला स्वतःलाही कळत नसावे. दुकानदाराने चार बाहुल्या ओळीने मांडून चौघींनाही टिचकी मारली. मला त्या मांडणीकडे फार वेळ पाहवेना. मी पाचवी विकत घेतली.

तंजावरहून आम्ही मदुरेला गेलो. मीनाक्षीच्या देवळात मोबाईल आत नेऊ देत नाहीत. बाहेर ठेवून बिल्ला घ्यावा लागतो. तिथे सुंदरेश्वराच्या बाजूला वेळ्ळियंबलम् म्हणजे रुपेरी सभा आहे. नटराजाची मूर्ती आपण सगळीकडे पाहतो ती उजव्या पायावर उभी, डावा पाय उचललेला. इथे उलट आहे. कथा अशी सांगतात. राजशेखर पांड्य नावाचा राजा चौसष्ट कलांपैकी नाच तेवढा शिकायचा राहिला होता म्हणून तो शिकू लागला, आणि रात्री त्याचे पाय ठणकू लागले. त्याला वाटले, आपले एका दिवसात हे हाल, तर देव युगानुयुगे एकाच पायावर उभा आहे, त्याचे काय? त्याने देवाला विनवले, महाराज, एकदा पाय बदला. आणि देवाने पाय बदलला.

मला त्या कथेत देवापेक्षा राजा आवडला. आयुष्यभर त्याने ती मूर्ती पाहिली असेल, हात जोडले असतील. स्वतःचे पाय दुखले तेव्हा त्याला तिच्याकडे नीट पाहता आले. आणि देवाचेही असे, की नेहमीचा पाय सोडून दुसऱ्या पायावर उभे राहिल्याने त्याचे नटराजपण काही कमी झाले नाही. नर्तकी नटराज यांनी पुढे नृत्यशाळा काढली, तिला नाव दिले ते याच सभेचे, वेळ्ळियंबलम्. चेन्नईत आणि मदुरेत तिथे मुली नाच शिकतात. एके काळी दारात थांबून राहिलेली शिष्या आज दार उघडणारी गुरू आहे.

बाहेर येऊन बिल्ला दिला, मोबाईल घेतला आणि गोपुराच्या सावलीत उभे राहून तिला फोन केला. पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, “पत्रात नाव कसं लिहू?” पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग तिने नाव अक्षर-अक्षर सोडवून सांगितले. वेलांटी पहिली की दुसरी तेही. माझी जुनी विद्यार्थिनी शोभली.

परतीच्या गाडीत बराच विचार केला. असे कलावंत आपल्या आसपास नाहीत असे थोडेच आहे? सौंदत्तीच्या यल्लम्माला जाणारे कोल्हापूरकडचे जोगते आपण पिढ्यानपिढ्या पाहतो. त्यांचे चौंडके ऐकतो, हळदीचा भंडारा कपाळाला लावून घेतो आणि पुढे जातो. सीमेपलीकडे होसपेटजवळच्या मरियम्मनहळ्ळीत मंजम्मा जोगती राहतात. घर सुटले तेव्हा त्यांना भीक मागून दिवस काढावे लागले. काळव्वा जोगती या गुरू भेटल्या, त्यांच्याकडून जोगती नृत्य शिकल्या, त्यांच्या पश्चात फड सांभाळला. २०१९ साली त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्ष झाल्या आणि २०२१ साली पद्मश्री. बंगळुरात २०१६ पासून ‘अरवणी आर्ट प्रोजेक्ट’ या गटात पारलिंगी स्त्रिया इतर स्त्रियांच्या खांद्याला खांदा लावून शहराच्या भिंती रंगवतात. २०२४ च्या व्हेनिसच्या बिएनाले प्रदर्शनात त्यांनी रंगवलेली भिंत जगाने पाहिली. या सगळ्यांच्या कथेत सरकार कुठे ना कुठे येते, पैसाही येतो, यायलाच हवा. राजराजाच्या भिंतीवर तो आधीच येऊन बसला आहे. पण पैसा ज्या अर्जावर मिळतो त्या अर्जापर्यंत हात धरून नेणारे माणूस त्याआधी लागते. कुठे ती काळव्वा असते, कुठे शक्तीसारखी मैत्रीण, कुठे आपले ताट अर्धे करणारी म्हातारी कलावंतीण. आणि बहुतेक वेळा त्या हात धरणारांजवळ स्वतःचेच काही नसते. ज्यांच्याजवळ लेटरहेड असते ते मान डोलावत बसलेले असतात.

पत्र गेले. अर्ज आम्ही दोघांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून भरला, सौ.ने मध्येच येऊन एक स्पेलिंग दुरुस्त केले. मुदतीच्या चार दिवस आधी तो रवाना झाला. निकाल हा मजकूर लिहीपर्यंत लागलेला नाही. तो विरुद्ध गेला तर काय करायचे याचाही विचार आता होतो, आणि तो एकट्या तिला करावा लागत नाही, एवढे खरे. निवड समितीवर मी अजून आहे. यंदाच्या पहिल्याच बैठकीत मी जुना विषय काढला. चहा थंड होईपर्यंत कोणी काही बोलले नाही. मग एकाने विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. पुढच्या बैठकीत मी तो पुन्हा काढणार आहे.

अर्ज भरायला आली तेव्हा तिचे लक्ष पुस्तकांच्या कपाटावरच्या बाहुलीकडे गेले. तिने जवळ जाऊन हळूच टिचकी मारली. बाहुली डोलू लागली. नाचणाराच्या नजरेने ती काही वेळ पाहत राहिली आणि मग हसली.

“सर, मान छान आहे हिची. पण ही सगळ्यालाच हो म्हणते.”

“हो ना,” मी म्हणालो. “म्हणूनच समोर ठेवली आहे.”